पडद्यामागची बॅट

हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, वंदना मॅडमजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. आणि सांगायला बसले तर काय होतं माहीत आहे? तळहात गरम होतात. शरमेनं? हो, शरमेनंही. पण त्याच्या आधी आनंदानं. खरं सांगायचं तर हेच सगळ्यात अवघड आहे — की त्या दिवसांइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

थांबा. घाई होते आहे माझी. सुरुवातीपासून सांगते.

मी शालू. नागपुरात स्टेशनच्या बाजूला एका हॉटेलात रूम अटेंडंट आहे. तिसरा मजला माझा. पाहुणे गेले की चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, टॉवेल मांडायचे — आणि पाहुणे काय विसरले ते बघायचं. तुम्ही कधी हॉटेलात राहिला असाल, तर काहीतरी नक्की विसरून आला असाल. आणि घरी गेल्यावर मनात आलं असेल, त्याचं पुढे काय झालं असेल?

सांगते. चार्जर तर इतके राहतात, की आम्ही मोजणं सोडून दिलं आहे. एका कानातलं. अर्धी शाम्पूची बाटली. लग्नाच्या सीझनमध्ये पेटीकोट, फेटे, मेंदीचे कोन. एकदा वाटीत दातांची कवळी राहिली होती, आणि ते आजोबा वर्ध्याला पोचून जेवायला बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं! हिवाळ्यात संत्र्यांच्या पेट्या. खायचं असेल ते त्याच दिवशी काढायचं. बाकी वस्तू पिशवीत घालून, रूम नंबर लिहून, वंदना मॅडमकडे द्यायची. त्या आमच्या सुपरवायझर. मॅडम ती कपाटात ठेवतात. पाहुण्याचा फोन आला तर कुरिअर. काही महिने कोणीच विचारलं नाही, तर ज्याला सापडली त्याला मिळते. माझ्या घरची छत्री अशीच आली आहे, थर्मासही.

सरळ कारभार आहे. आणि मी त्यात सगळ्यात सरळ होते, असं सगळे मानायचे. एका नवरीचं मंगळसूत्र मला बेसिनच्या मागे सापडलं होतं. मी हातात धरून पळत खाली नेऊन दिलं, तेव्हा ती गाडीत बसत होती. त्या दिवसापासून स्टाफच्या जेवणघरात माझा फोटो लागला. फोटो खराब आहे, डोळे मिटलेले आले आहेत. पण त्या फोटोमुळे माझ्या शब्दावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे. हे लक्षात असू द्या.

तर — मुलींचा क्रिकेटचा संघ उतरला होता. बाहेरच्या राज्यातला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, एका रूममध्ये दोघी. काय पोरी होत्या! कॉरिडॉरमध्ये बुटांचे ठसे, बाल्कनीत वाळत घातलेले पॅड, बादलीत माती. मी वैतागायला पाहिजे होतं. मी मात्र सकाळी त्यांच्या मजल्यावर जायला उतावीळ व्हायची. निघायच्या दिवशी त्या सगळं सामान घेऊन सकाळीच मैदानावर गेल्या. तिथूनच संध्याकाळची गाडी होती.

शेवटच्या रूममध्ये मी पडदा ओढला. मागे बॅट उभी होती.

कोणीतरी आरशासमोर रोज प्रॅक्टिस करत असणार — पडदा आणि आरसा अगदी समोरासमोर होते. गुलाबी ग्रिप. पात्यावर लाल लाल चट्टे, चेंडूचे. तेलाचा वास. मी ती उचलली, म्हणजे उचलावीच लागणार होती, खाली न्यायला. आणि उचलल्याबरोबर — कसं सांगू? हाताला आठवलं. मला नाही, हाताला. डावा वर, उजवा खाली, अंगठे आपोआप जागेवर. मी दार लोटलं. आरशासमोर उभी राहिले. युनिफॉर्मवर, रबरी हातमोजे खिशात कोंबून, मी एक ड्राइव्ह मारला. हवेत. सूंऽऽऽ असा आवाज आला.

मी एकटीच हसायला लागले. वेड्यासारखी.

माझं लहानपण कोराडीचं. बाबा वीज केंद्रात राखेच्या खात्यात कामाला. आमच्या क्वार्टरमागे मैदान होतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि आमच्या चेंडूवरही. मी पोरांमध्ये खेळायची. चांगली खेळायची — हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पोरं मला आधी निवडायची. शाळेच्या सरांनी घरी येऊन सांगितलं, हिला शहरात क्रिकेट शिकायला पाठवा. त्याच आठवड्यात बाबांनी माझी बॅट चुलतभावाला देऊन टाकली. "आता मोठी झाली तू," एवढंच बोलले. मी रडले नाही. पुन्हा बॅट मागितलीही नाही.

हे मी का सांगते आहे? तुम्हाला माझी दया यावी म्हणून नाही. बाबांनी माझी बॅट दिली, त्यात त्या पोरीचा काय दोष? मी फक्त हे सांगते आहे, की हात कुठून आले.

लेकीसाठी घेतली असं म्हटलं, तर सोपं जाईल. माझी आर्या तेव्हा अकरा वर्षांची होती. पण नाही. माझ्यासाठी घेतली. लगेच घेतली असंही नाही. मी ती टॉवेलात गुंडाळून पॅन्ट्रीत, म्हणजे मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत, नेली, जादाच्या गाद्यांमागे उभी केली, आणि स्वतःला म्हटलं, ड्यूटी संपली की खाली देते. आणि मग दुपारभर मी गाद्या बदलायच्या निमित्तानं चार-पाच वेळा पॅन्ट्रीत जाऊन आले. नुसता हात लावायला. पंधरा दिवसांनी आमची मॅच होती ना! शहरातल्या दोन हॉटेलांच्या बायकांची, टेनिस बॉलनं. मालकाच्या डोक्यातून निघालेलं खूळ. किचनमधल्या, लॉन्ड्रीतल्या, रिसेप्शनवरच्या सगळ्या मिळून टीम, आणि एक जुनी फुटकी बॅट. विचार करा, माझ्या डोक्यात काय चाललं असेल.

चार वाजता पॅन्ट्रीतला फोन वाजला. वंदना मॅडम.

"शालू, त्या क्रिकेटवाल्या पोरींच्या रूममध्ये बॅट भेटली काय वं?"

"नाही मॅडम."

इतकं पटकन. मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

"ते पोरगी आली आहे खाली, रडून राहिली बिचारी. तिले वर घेऊन जा, एकदा दाखवून दे."

तुम्हाला वाटत असेल, हाच तो कबुलीजबाब. बॅट चोरली, खोटं बोलले. नाही हो. ते तर काहीच नाही. पुढे ऐका.

तिचं नाव सोनम. बारीक चणीची, नाकावर उन्हानं सोललेली कातडी, खेळाच्या कपड्यांतच आलेली. रिक्षा खाली थांबवून ठेवली होती, कारण संघ स्टेशनवर निघाला होता. लिफ्टमध्ये ती एकसारखी बोलत होती. मैदानावर किट उघडली तेव्हा बॅट नाही. मग दुसऱ्या कोणाची तरी घेऊन खेळली. "हुआ ही नहीं दीदी. हाथ में बैठी ही नहीं. पहली ही बॉल पे गई." शेवटची मॅच होती, आणि निवडीसाठी माणसं बघायला आली होती म्हणे.

मी रूम उघडली. आणि तिच्याबरोबर शोधायला लागले.

हो. शोधायला लागले. गुडघ्यांवर बसून पलंगाखाली डोकं घातलं. कपाट उघडलं. गादी उचलून दाखवली. तिनं स्वतः पडदा ओढला — त्याच बाजूचा — आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "यहीं रखी थी मैंने," ती म्हणाली. "पक्का यहीं." आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, हो! संशय असता तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी आपण डॉक्टरकडे बघतो. दोन खोल्या पलीकडे, गाद्यांमागे, तिची बॅट उभी होती. मी म्हणू शकत होते, अरे, पॅन्ट्रीत बघते एकदा. एवढंच. कोणी मला काही विचारलं नसतं.

पण ती म्हणाली, "यहीं रखी थी, तो गई कहाँ?" आणि मला भीती वाटली. त्या प्रश्नाचं काहीतरी उत्तर तिला देणं भाग होतं. नाहीतर तिनं ते स्वतः शोधलं असतं.

आणि मी म्हटलं, "देखो बेटा, कभी-कभी साथवालीच रख लेती है."

हेच ते वाक्य.

सोनमचा चेहरा आधी कोरा झाला. "कौन, पायल?" ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा थोडीशी. "नहीं दीदी, पायल तो..." मग थांबली. मी बघत होते. तिच्या मनात ते शिरताना मी समोर उभी राहून बघत होते. "सामान उसीने पैक किया था," ती हळूच म्हणाली. "मैं नहा रही थी. उसीने बोला था, तेरा सब रख दिया मैंने."

मी काय केलं? मी मान हलवली. जशी मोठी बाई समजूतदारपणे हलवते, तशी.

जाताना तिनं माझे हात धरले. "सॉरी दीदी, आपको इतना परेशान किया." आणि धावत गेली. खाली रिसेप्शनवरच्या मुलानं विचारलं होतं म्हणे, कॅमेरे बघायचे का? वंदना मॅडम म्हणाल्या, "शालूच्या मजल्याचे? काहून?" झालं. विषय संपला.

मला त्या रात्री झोप लागली नसेल, असं वाटतं ना तुम्हाला? छान लागली. दुसऱ्या दिवशी मी ती बॅट खांद्यावर टाकून, मागच्या गेटातून, राजरोस बाहेर काढली. गेटवरचे काका हसून म्हणाले, "काय वं शालूबाई, मॅचची तयारी?" मी म्हटलं, "होय ना काका, भावाची आणली." पिशव्या तपासतात आमच्या तिथे. खांद्यावरची बॅट कोण तपासणार? रस्त्यावर आल्यावर मला नाचावंसं वाटलं. जरीपटक्यापर्यंत शेअर रिक्षात ती मांडीवर आडवी धरून बसले, आणि शेजारच्या बाईनं विचारलं, "मुलाची?" तर मी म्हटलं, "माझी." माझी! काय वाटलं ते म्हणताना!

मॅच कळमेश्वरला होती, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मैदानावर, रविवारी सकाळी. नवरा दुकान बंद ठेवून आला. त्याचं मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे, रविवारी तिथे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, तरी आला. आर्या आली. आणि कोराडीहून बाबा आले. मी बोलावलं नव्हतं, नवऱ्यानं बोलावलं होतं.

आता मी जे सांगणार आहे ते मला हळू आवाजात सांगताच येत नाही. दुसरी टीम आधी खेळली, बऱ्यापैकी रन केले. मग मी आणि लॉन्ड्रीतली सुनीता ओपनिंगला उतरलो. पंजाबी ड्रेस, कॅन्व्हासचे बूट, ओढणी कमरेला. पहिला चेंडू मी सोडला. दुसरा पायाशी आला आणि मी तो नुसता उचलला — जोर लावलाच नाही, देवाशप्पथ — तर तो गेला, गेला, आणि कारखान्याच्या पत्र्याच्या शेडवर धाडकन! सगळी कबुतरं उडाली. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही, मला पण नाही. मग आर्याची किंकाळी ऐकू आली, "आईऽऽऽ!"

त्यानंतर मी थांबलेच नाही. काय बॅट होती हो ती! चेंडू लागल्याचं हाताला कळायचंही नाही, फक्त टक्क असा गोड आवाज. शेडवर, नालीत, उभ्या टेम्पोच्या आत. सुनीता पलीकडून ओरडायची, "मार वं! मार अजून!" वंदना मॅडम, ज्या कधी मोठ्यानं हसत नाहीत, त्या खुर्चीवर उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. सगळ्यांसाठी पोहे केले होते, पण त्यांवर घालायची तर्री उकळायच्या आधी आम्ही मॅच जिंकली! मला उचललं. खरंच उचललं, किचनमधल्या चौघींनी. वरून आभाळ दिसत होतं आणि मला वाटलं, बस, आता मेले तरी चालेल.

आणि मग बाबा आले. गर्दी बाजूला झाली तेव्हा. सत्तरीचा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी माझ्या हातातली बॅट घेतली, उलटसुलट करून बघितली, तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"चुकलंच माह्यं, शालू," ते म्हणाले. "तुले खेळू द्याले पाहिजे होतं. इतकी वर्षं मनात होतं, पण सांगता नाही आलं मले."

बघा. माझा बाप, ज्यानं जन्मात कोणाची माफी मागितली नाही, तो सगळ्यांसमोर आपली चूक सांगत होता. आणि ती सांगताना त्याच्या हातात काय होतं? मी त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं. त्यांनीच रस्ता दाखवला होता. मी काय म्हटलं? "जाऊ द्या ना बाबा." आणि त्यांच्या हातातून बॅट परत घेतली. हलकेच, पण घेतली.

त्या दिवसापासून आम्ही खेळतो. मालकाचं खूळ संपलं, आमचं नाही. दर रविवारी सकाळी त्याच मैदानावर हॉटेलातल्या, वस्तीतल्या, कोणाच्या नणंदा, कोणाच्या सुना — बम मजा येते. आर्या माझ्यापेक्षा चांगली बॉलिंग करते. बाबा जमेल तेव्हा येतात आणि अंपायरशी भांडतात. या सगळ्यात खोटं काहीच नाही. पण उभं कशावर आहे, ते मला माहीत आहे.

इथेच थांबले असते तर तुम्ही कदाचित मला माफही केलं असतं. पण अजून एक आहे.

मागच्या हिवाळ्यात तो संघ परत आला. सामान वर नेतानाच मी चेहरे शोधत होते. सोनम नव्हती. पण एका दारावरच्या चिठ्ठीत नाव होतं — पायल. उंच, शांत मुलगी. तेव्हाचा चेहरा मला आठवत नव्हता, पण ती मला ओळखत होती. "दीदी, आप तब भी थीं ना?" मी टॉवेल ठेवत होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वो सोनम नहीं आई?"

पायल थोडा वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. मग म्हणाली, "हम बात नहीं करते." त्या वेळी गाडीत, सगळ्या टीमसमोर, सोनमनं तिची बॅग उघडायला लावली होती. कपडे, सगळं, बर्थवर काढून. काही सापडलं नाही. पण कोणी म्हणालं, विकून टाकली असेल. "बचपन की दोस्त थी दीदी. एक ही गली में घर है हमारा." सोनम आता खेळते का, मी विचारलं. खेळते म्हणे, पण गावाकडेच. त्या वर्षी निवड झाली नाही, मग पुढे जमलं नाही. "नंबर अभी भी है मेरे पास. डिलीट नहीं किया," पायल म्हणाली, आणि फोन उगाचच हातात घेऊन पुन्हा ठेवला.

फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. खोलीत आम्ही दोघीच. दुपारची वेळ, कोणाची घाई नाही. एक वाक्य मी त्या वेळी बोलून गेले होते, आता एकच वाक्य बोलायचं होतं. काय झालं असतं? नोकरी गेली असती? गेली असती. रविवार गेला असता? बाबांना कळलं असतं? हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या, टॉवेलाची घडी नीट करत, मोजलं. म्हणजे सुचलं नाही असं नाही. सगळं सुचलं.

मग मी विचारलं, "चाय-कॉफी के पाउच और रख दूँ?"

"रख दीजिए," ती म्हणाली.

मी ठेवले. बाहेर आले. दार माझ्यामागे आपोआप बंद झालं.

परवाच्या रविवारी मी त्याच बॅटनं खेळले आणि पुन्हा शेडवर मारला. आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला.

पायलनं बॅट घेतली नव्हती. मी घेतली होती.